अर्धी दवंडी

मुलांनो, सुई टोचताना कुणी तुम्हाला म्हणालं, "काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल," आणि मग दंड चांगलाच ठणकला, तर पुढच्या वेळी त्या माणसाचं तुम्ही ऐकाल का?

लगेच उत्तर देऊ नका. आधी एका गावाचं काय झालं ते सांगते.

फार जुन्या काळी एका ओढ्याच्या काठी विणकरांचं गाव होतं. तिथे घरोघरी माग होते. पहाट झाली की खटक-खटक सुरू व्हायची आणि दिवेलागणीला थांबायची. ओढ्याच्या वरच्या अंगाला असंच आणखी एक गाव होतं. तिथल्या मागांचा आवाज वाऱ्याबरोबर खाली यायचा. तो कानावर आला की खालच्या गावातल्या बायका म्हणायच्या, "वरचे बसलेसुद्धा कामाला. आटपा आता."

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी तो आवाज उणा होऊ लागला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग बायका हातातलं काम थांबवून कान देऊ लागल्या. एक दिवस वारा नेहमीसारखाच आला, पण त्याच्याबरोबर काहीच आलं नाही.

वरच्या गावात छातीच्या तापाची साथ आली होती. माणूस खोकला, शिंकला, नुसता जवळ बसून बोलला, तरी ती दुसऱ्याला लागायची. धडधाकट माणसं आठवडाभर अंथरुणात पडून उठायची. म्हातारी माणसं आणि अशक्त लेकरं मात्र सगळीच उठायची नाहीत.

खालच्या गावात एक वैदीण राहत होती. राजधानीत राजवैद्यांच्या हाताखाली ती शिकली होती. ती तिथे असतानाच राजवैद्यांनी या साथीवर लस तयार केली होती, आणि आता तिच्याकडेही पाठवली होती. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या मडक्यात ती लस गार ठेवलेली होती.

वैदीण पाटलांकडे गेली. म्हणाली, "पाटील, साथ आपल्याकडे यायला वेळ लागणार नाही. दवंडी द्या. सगळ्यांनी नाका-तोंडाला फडकं बांधायचं आणि लहानथोरांनी लस घ्यायची."

पाटील माणूस वाईट नव्हता. गावाची त्याला काळजी होती, आणि गाव घाबरट आहे हेही त्याला ठाऊक होतं. त्याने विचारलं, "लस टोचल्यावर काय होतं?"

"दंड दुखतो. बऱ्याच जणांना ताप येतो, अंग मोडून येतं. एक-दोन दिवसांत उतरतं."

"आणि मग साथ लागत नाही ना?"

"लागू शकते. पण लागली तरी बहुतेकांना हलकी जाते. फडक्याचंही तसंच आहे. धोका कमी होतो, संपत नाही."

पाटलाने डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "वैदीणबाई, एवढं सगळं सांगितलं तर एक माणूस घराबाहेर पडणार नाही. ताप येऊ नये म्हणून ताप घ्या, हे कुणाला पटेल? दवंडी कशी, आटोपशीर पाहिजे."

आणि आटोपशीर दवंडी गावात फिरली. दवंडीवाला डफावर थाप मारून, शेवटचा शब्द लांबवत ओरडत गेला, "ऐका हो ऐका. तोंडाला फडकं बांधा, साथ शिवणार नाही. लस टोचून घ्या, काही होत नाही होऽऽ."

वैदिणीने आपल्या ओट्यावरून ते ऐकलं. तिला ते खटकलं. तिला उठून त्याला थांबवता आलं असतं. पण वरच्या गावाकडची शांतता तिच्या कानात भरून राहिली होती. लोक येतील तरी, असं तिने मनाला समजावलं.

लोक आले. तोंडाला फडकी बांधून एकमेकांना हसत आले.

एक तरुण विणकर म्हणाला, "आम्ही काय बैल आहोत, मुसकी बांधून फिरायला?"

रांगेतली एक म्हातारी त्याला म्हणाली, "बैलाला मुसकं असतं ते त्याने पीक खाऊ नये म्हणून. तुला बांधलंय ते तू मला खाऊ नयेस म्हणून. बांध नीट, नाक उघडं पडलंय तुझं."

त्या रांगेत एक रंगारीण होती. सूत रंगवून तिचे हात कोपरापर्यंत निळे झालेले असायचे. तिला दोन लेकरं, थोरला गोप्या आणि धाकटी मैना. गोप्या दणकट होता. मैनेची छाती मात्र जन्मापासून नाजूक. जरा वारा बदलला की तिला धाप लागायची. गावात साथ शिरली, तर पहिली काळजी मैनेचीच होती. हे रंगारिणीला माहीत होतं आणि वैदिणीलाही.

"मैनेला आणलं नाहीस?" वैदिणीने विचारलं.

"आधी थोरल्याचं बघते, मग तिला आणते." रंगारिणीने गोप्याचा दंड पुढे केला आणि मग परत मागे घेतला. "बाई, खरंच काही होत नाही ना?"

मागे रांग वाढत होती. माणसं मान उंचावून ऐकत होती. वैदिणीच्या हातात सुई होती.

"काही होत नाही," वैदीण म्हणाली.

त्याच संध्याकाळी गोप्याला ताप भरला. अंग तव्यासारखं तापलं, तो काहीबाही बरळू लागला. सकाळी रंगारीण दारात उभी राहून रडत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "काही होत नाही म्हणाल्या. माझ्या तोंडावर म्हणाल्या." त्यातच मुसकं म्हणून हसलेल्या त्या विणकराच्या घरून बातमी आली, की फडकं बांधूनही त्याला खोकला लागला आहे.

दुपारपर्यंत गावभर एकच बोलणं झालं. फडकं खोटं आहे. लसच साथ घेऊन आली आहे. फडकी कुंपणांवर लोंबू लागली. वैदिणीच्या ओट्यावर चिटपाखरू फिरकेना. पाणवठ्यावर ती गेली की बायका घागरी अर्ध्या भरून निघून जायच्या.

गोप्याचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. तो उठून भाकरी खाऊ लागला. पण त्याबद्दल कुणी बोललं नाही. रंगारिणीने दाराला आतून कडी घातली आणि मैनेला अंगणातसुद्धा येऊ दिलं नाही.

आणि ओढ्याच्या वरून येणाऱ्या वाटेवर माणसं दिसू लागली. आपापल्या नातेवाइकांकडे आसरा शोधत, बोचकी घेऊन, खोकत येणारी माणसं.

पाटील घाईघाईने वैदिणीकडे आला. म्हणाला, "मी तोड काढली आहे. दुसरी दवंडी देऊ. गोप्याने कैऱ्या खाल्ल्या आणि वर ओढ्यात डुंबला, म्हणून ताप आला. आंबट खाल्ल्याने ताप येतो म्हटलं की लोकांना लगेच पटतं."

"आणि उद्या दुसऱ्या मुलाला ताप आला तर? त्यानेही कैऱ्याच खाल्ल्या म्हणायचं?"

"उद्याचं उद्या बघू."

"पाटील, उद्या ताप येणार आहे. तो येणार हे मला आज माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं."

"मग काय करणार? आम्ही खोटं बोललो असं ओरडत फिरणार? तुम्हाला गावाबाहेर काढतील. मग ते मडकं घेऊन बसा माळावर."

पाटलाचं म्हणणं खोटं नव्हतं. कैऱ्यांची गोष्ट सांगितली तर कदाचित उद्याच पाच-पंचवीस माणसं येतील. खरं सांगितलं तर कदाचित कुणीच येणार नाही, आणि मैना त्या बंद दाराआड तशीच राहील. वैदिणीने बराच वेळ मडक्यावरचं गोणपाट ओलं करत घालवला. मग ती उठली आणि दवंडीवाल्याच्या घरी गेली.

काय ओरडायचं ते तिने त्याला सांगितलं. तो डफ शेकत बसला होता. ऐकता ऐकता त्याचा हात थांबला.

"बाई, हे दवंडीत बसत नाही. 'माहीत नाही' असं मी जन्मात ओरडलो नाही. माझा बापही ओरडला नाही. दवंडी म्हणजे कसं, ठाम पाहिजे."

"आज एवढं ओरडा, दादा."

"हसतील लोक मला."

"मी तुमच्याबरोबर चालते. मलाच हसतील."

उन्हं कलली तेव्हा दवंडी निघाली. पुढे दवंडीवाला आणि त्याच्या शेजारी वैदीण, तोंडाला फडकं बांधलेली. लोक दारात आले. डफ वाजला. पण या वेळी दवंडीवाल्याने शब्द लांबवले नाहीत. त्याला ते जमेना.

"ऐका हो ऐका. मागची दवंडी अर्धी होती. लस घेतल्यावर दंड दुखतो. बऱ्याच जणांना ताप येतो, तो उतरतो. गोप्याला लसीचाच ताप आला होता. लस घेऊनही साथ लागू शकते, पण जीव वाचायची आशा पुष्कळ वाढते. फडकं बांधल्याने धोका कमी होतो, संपत नाही. सगळ्यांनी बांधलं तर जास्त कमी होतो. साथ किती दिवस राहील ते माहीत नाही. वैदीणबाईंनाही माहीत नाही. हे सगळं त्यांना आधीच ठाऊक होतं आणि त्या गप्प बसल्या, हे त्यांनीच सांगायला सांगितलं आहे."

कुणी हसलं नाही. कुणी शिव्याही दिल्या नाहीत. एकाने फक्त आपलं दार लावून घेतलं. मग आणखी एकाने.

वैदीण रंगारिणीच्या दारापुढे जाऊन उभी राहिली. मागे माणसं जमली.

"दवंडी ऐकलीस का?"

"कान आहेत मला." आवाज बंद दाराआडून आला.

"त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं."

"का?"

"तू परत जाशील अशी भीती वाटली."

रंगारीण दाराआडूनच बोलू लागली. "ताप येईल असं तुम्ही सांगितलं असतं, तर मी उशाला पाण्याची कळशी ठेवली असती. कपाळावर पट्ट्या ठेवल्या असत्या. शेजारणीला बोलावून ठेवलं असतं. मी काय केलं माहीत आहे? पोरगं चाललं म्हणून त्याला मांडीवर घेऊन बसून राहिले. पाणीसुद्धा पाजायचं सुचलं नाही मला. एवढं भय त्या तापाने नाही दिलं, बाई. तुम्ही दिलंत."

वैदिणीने मान खाली घातली. "खरं आहे."

"मैनेला टोचलं तर तिलाही येईल ताप?"

"बहुतेक येईल. लहान आहे, गोप्यापेक्षा जास्त किरकिर करेल."

"तिची छाती तुम्हाला माहीत आहे. तिला सोसेल?"

"सोसेल असं मला वाटतं. राजवैद्यांकडे अशा नाजूक छातीच्या मुलांना मी लस टोचली आहे. तीही तापली आणि मग उठून खेळायला गेली. पण मैनेबद्दल शपथ घ्यायला सांगशील, तर मला घेता येणार नाही."

"आणि नाही टोचलं तर?"

वैदीण ओढ्याच्या वाटेकडे बघत होती. "मग साथ आली की तिला एकटीने तोंड द्यावं लागेल. मला लसीच्या तापाची भीती वाटत नाही. याची वाटते."

"ताप चढला तर तुम्ही कुठे असाल?"

"तुझ्या उंबऱ्यावर. उतरेपर्यंत."

दाराआड मैना खोकली. साधाच खोकला होता, नेहमीचा, पण बाहेरची माणसं एक पाऊल मागे सरकली.

"आता जा, बाई," रंगारीण म्हणाली. "मला विचार करू द्या."

कडी निघाली नाही. माणसं पांगली. पाटील कोपऱ्यावर उभा होता. तो म्हणाला, "मी सांगत होतो." वैदीण घरी आली, तिने फडकं धुऊन वाळत घातलं आणि ओट्यावर बसून राहिली. त्या संध्याकाळी तिच्याकडे कुणीही आलं नाही.

पुढे साथ गावात शिरलीच. कितीतरी घरांत माणसं आजारी पडली, आणि एका घरातलं म्हातारं माणूस गेलं. पण वरच्या गावासारखी अवस्था झाली नाही. उशिरा का होईना, एकेक करून लोकांनी फडकी बांधली, लस घेतली आणि ताप आला की न घाबरता पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, कारण ताप येणार हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं.

तात्पर्य विचाराल, तर ते असं: माणसांना बरं वाटावं म्हणून अर्धं सांगून मिळवलेला विश्वास पहिल्याच तापात जातो, पूर्ण खरं सांगितलं तर तो उशिरा मिळतो, पण अडचणीच्या दिवसांत तोच उपयोगी पडतो.

पण मैनेला लस टोचली का, हे तुम्हाला विचारायचं असेल. दवंडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारीण मैनेला कडेवर घेऊन वैदिणीच्या ओट्यावर आली. दोघींच्या तोंडाला फडकी होती. वैदिणीने मैनेला सांगितलं, "दुखेल हं." मैनेने दंड पुढे केला, तिला दुखलं आणि ती रडली.