हरवलेला परवा

एका डोंगरी संस्थानात जयवंतराजे राज्य करीत. जुन्या, विसरल्या गेलेल्या इंग्रजी शब्दांचं त्यांना भारी वेड. दरबार भरला की आधी शब्द, मग कारभार. शब्द ऐकून महाराज "पुन्हा सांगा" म्हणाले, की सांगणाऱ्याला पहिल्या रांगेत मान. शब्द फुसका निघाला, की त्याची रवानगी शेवटच्या रांगेत, चपलांजवळ.

दुभाषी त्र्यंबकपंत तिथेच बसून बसून विटले होते. कारभारी खंडेरावांनी मात्र 'ॲप्रिसिटी', म्हणजे थंडीतल्या उन्हाची ऊब, हा शब्द आणला आणि पहिली रांग पटकावली. तेव्हापासून त्यांची मान काही खाली येईना.

एका सकाळी वाळवी लागलेल्या पुस्तकात पंतांना घबाड सापडलं. ओव्हरमॉरो! उद्याच्या पुढचा दिवस. इंग्रज हा शब्द कधीचेच विसरले होते. आज आपली पहिली रांग पक्की! पंतांनी घाईघाईने पगडी चढवली, ती तिरकीच बसली.

दारात पत्नी म्हणाली, "अहो, परवा पाहुणे यायचेत. गूळ विसरू नका."

पंत जागीच थबकले. परवा! अख्खं गाव रोज बोलतं तो शब्द. त्यांचं मन खट्टू झालं. पण लगेच युक्ती सुचली. 'आगामी सूर्योदयाच्या पलीकडला सूर्योदय' असा भारदस्त अर्थ सांगितला तर कोणाला कळतंय?

दरबारात त्यांनी शब्द उच्चारला. महाराज पुढे सरसावले. "अर्थ?"

भारदस्त अर्थ अगदी ओठांवर आला होता. पण आपल्याच शब्दाला असं लपवायचं, याची पंतांना लाज वाटली.

"परवा, महाराज," ते म्हणाले.

दरबार खो खो हसला. खंडेराव तर पोट धरून हसले. पंत मुकाट्याने चपलांकडे वळले.

"थांबा. हा शब्द इंग्रज विसरले?" महाराजांनी विचारलं.

"विसरले, महाराज. आपण अजून बोलतो."

"आणि आपण आपले कोणते विसरलो?"

हसू थांबलं. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. खंडेरावांनाही एक शब्द सांगता येईना.

महाराज म्हणाले, "पंत, पुन्हा सांगा."

"परवा," पंत या वेळी खणखणीत आवाजात म्हणाले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

तात्पर्य: दुसऱ्यांच्या हरवलेल्या शब्दांचं कौतुक जरूर करावं, पण आपला रोजचा शब्द उच्चारताना लाजू नये; कारण ज्या शब्दाची लाज वाटते, तोच पुढे हरवतो.