लेर्डचं न संपणारं कापड

एक होता राजा. पण तो राहायचा लांब शहरात, आणि आपल्या गोष्टीत काही तो येत नाही. त्याला झोपू दे तिकडे. आपल्या गोष्टीत आहे एक दरी. स्कॉटलंड नावाचा थंडगार देश आहे ना, त्याच्या पार उत्तरेला. दोन्हीकडे डोंगर, मधे नदी, आणि काठाने दगडांची बुटकी बुटकी घरं.

त्या घरांतली चूल कधी विझत नसे, बरं का. रात्री निखारे राखेत झाकायचे, सकाळी फुंकर मारून फुलवायचे. पणजीने पेटवलेली चूल पणती फुंकायची. चूल पेटती आहे तोवर घर आपलं, असा तिथला रिवाज. कुणाला घराबाहेर काढायचं असलं, की जमीनदाराची माणसं यायची आणि चुलीत बादलीभर पाणी ओतायची. फस्स! संपलं घर.

तिकडे जमीनदाराला म्हणतात लेर्ड. पूर्वी हे लेर्ड म्हणजे दरीतल्या लोकांचे म्होरके असत. सगळ्यांचं आडनाव एक, पंगत एक. जमीन सगळ्यांची, लेर्ड नुसता राखणदार. मग काय झालं, लेर्डची मुलं शहरात गेली. मखमली कोट घालायला लागली. राजाने त्यांना कागद लिहून दिला, जमीन म्हणे लेर्डची. आणि मग लेर्डला समजलं, की माणसांपेक्षा मेंढ्या परवडतात. मेंढी भांडत नाही, मेंढीला घर लागत नाही, आणि वर्षाच्या वर्षाला अंगावरची लोकर काढून देते.

मग एके सकाळी लेर्ड टोर्मड घोड्यावर बसून दरीत आला. मागे बादल्या घेतलेली माणसं.

"निघा सगळे," तो म्हणाला. "समुद्रापलीकडे जा. आज चुली विझवायच्या."

तेव्हा बेहाग आजीच्या घरात बायका कापड चोपत होत्या. लोकरीचं कापड मागावरून उतरतं ना, तेव्हा विरळ असतं. वारा आत शिरतो. मग ते भिजवायचं, लांब फळीवर ठेवायचं, आणि दोन्ही बाजूंना बायकांनी बसून थप थप थप चोपायचं. म्हणजे घट्ट होतं, आपल्या घोंगडीसारखं. कशात भिजवायचं, सांगू? हसायचं नाही हं. शिळ्या शूमध्ये! घरोघरची साठवलेली. हसू नका म्हटलं ना! त्याने रंग पक्का बसतो.

आणि चोपताना गायचं, आपल्याकडे जात्यावर ओव्या म्हणतात तसं. पण एक नियम होता. एका कापडावर एक गाणं एकदाच म्हणायचं. तेच पुन्हा म्हटलं, की कापड नासलं. आणि नवी गाणी संपली, की कापड झालं तयार.

लेर्ड दारात आला. नाकाला रुमाल. "बंद करा ते!"

"करते की," बेहाग आजी म्हणाली. तिने त्याला रांगताना पाहिलं होतं, ती कशाला घाबरते! "पण कापड तुझंच आहे रे टोर्मड. थंडीत पांघरायला हवं म्हणून तूच लोकर पाठवलीस. अर्धवट सोडलं तर जाईल वाया."

लेर्ड होता महाचिकट. लोकर वाया जायची म्हटल्यावर त्याने हात वर करून आपल्या माणसांना थांबवलं.

"बरं. आधी माझं कापड पुरं करा. मग निघा."

"शपथ घे. तुझं कापड तयार होऊन तुझ्या हाती पडेपर्यंत इथल्या एकाही चुलीत पाणी पडणार नाही."

लेर्डने खंजिरावर हात ठेवला आणि शपथ घेतली. स्वतःच्या, मुलाच्या आणि नातवाच्याही वतीने. खंजिरावरची शपथ मोडली, की तो खंजीर मोडणाऱ्याच्याच छातीवर उलटतो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

लेर्ड वळला तशी बेहाग आजी बायकांना हळूच म्हणाली, "पोरींनो, संपवायचं नाही हं."

मग काय! थप थप थप. गाण्यामागून गाणं. एक दमली की दुसरी उचलायची. आणि नवल असं, की गाणं चालू असेतो त्या फळीभोवती बसलेल्यांचं वय पुढे सरकेना. बाहेर पानं गळली, बर्फ पडलं, वितळलं, पुन्हा पडलं. आत बेहाग आजीचा एक केस पिकेना.

लेर्ड टोर्मड कुडकुडत वाट बघून कंटाळला. त्याने दरीतले तरणे मुलगे उचलून राजाच्या फौजेत धाडले. म्हणाला, "आता रडतील. रडणारी बाई गाते कशी, बघतो!" बायका रडल्या. खूप रडल्या. आणि त्याच रडण्यातून नवं गाणं निघालं, फौजेच्या लाल डगल्यातल्या मुलांचं. ते चाललं कितीतरी दिवस. टोर्मड म्हातारा झाला आणि पांघरुणाशिवायच वारला.

मग आला त्याचा मुलगा, लेर्ड एवन. त्याने डोंगरउतारावर कुंपण घातलं. जिथे लोकांचा सातू पिकायचा, तिथे मेंढ्या सोडल्या. शाळेत हुकूम काढला, घरची भाषा बोलाल तर छडी. म्हणाला, "उपाशी पोटी कुठलं गाणं?" पण बायकांनी मेंढरांवरच गाणं रचलं, आणि तेही त्याच घरच्या भाषेत.

मेंढरा मेंढरा, लेर्डला सांग,
कुडकुड वाजती दात रे!
कापड तुझं ते होतंय अजून,
घाल खिशामधे हात रे!

पोरंटोरं हे गाणं लेर्डच्या घोड्यामागे म्हणत धावायची. एवनही तसाच गारठत म्हातारा झाला आणि गेला.

मग आला नातू, लेर्ड आर्ची. हा मोठा हुशार, बरं का. शिंकत शिंकत दारात उभा राहिला, ऐकलं, आणि गालात हसला. "आजोबा चुकले, बाबा चुकले. त्रास दिला की यांना गाणं सुचतं. मी यांना त्रासच देणार नाही."

त्याने पिठाची पोती पाठवली. चहा पाठवला, साखर पाठवली. रोज येऊन विचारायचा, "जेवलात ना? आणखी काही हवंय?" कुंपण मात्र तसंच. मेंढ्या तशाच.

आणि खरंच, गाणी आटायला लागली. लग्नाची झाली, होडीची झाली, हरवलेल्या चमच्यावरही एक होऊन गेलं. मग एका दुपारी फळीवरचे हात मंद झाले. थप... थप... बेहाग आजीने या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं. कुणाकडे गाणं नाही. आजीचे केस एकेक करून पांढरे व्हायला लागले. दारात आर्ची, हातात बादली.

"झालं का माझं कापड?"

तेव्हा गोर्मल बोलली. ही गोर्मल पलीकडच्या दरीतून सून म्हणून आलेली. तिची दरी केव्हाच रिकामी झाली होती. आवाज तिचा कावळ्यासारखा, म्हणून ती नुसती चोपायची. कधी गायची नाही.

"आमच्याकडे पण गाणी होती," ती म्हणाली. "एकापेक्षा एक. सगळी रडकी. ती गात गातच आम्ही घरं सोडली. लेर्डने काय केलं, लेर्डने काय केलं, हेच किती दिवस गाणार? आपण काय करणार, ते म्हणा की!"

"अगं, जे झालंच नाही त्याचं गाणं कसं होईल?" एकीने विचारलं.

"नियमात कुठे आहे झालंच पाहिजे म्हणून?"

आणि गोर्मलने घसा खाकरून सुरू केलं. फाटक्या आवाजात. "आज आम्ही कुंपण काढू." थप! "आज आम्ही सातू पेरू." थप! "मुलं शाळेत आपल्या बोलीत बोलतील." थप! सगळ्याजणींनी सूर धरला. आणि नुसतं म्हणून थांबल्या नाहीत. तसंच ओलं कापड हातांत धरून, गात गात घराबाहेर पडल्या. मागून म्हातारे निघाले, पोरं निघाली. एक खांब उपटला, दुसरा उपटला, तिसरा उपटला. म्हणाल त्या ओळीचं काम लगेच व्हायला लागलं.

आर्चीने बादली टाकली आणि शिपाई बोलावले. शिपाई दांडके घेऊन रस्त्यावर आडवे झाले.

"मागे फिरा!" त्यांचा हवालदार ओरडला.

"बाबा रे, मधे येऊ नकोस, भिजशील," बेहाग आजी म्हणाली.

पण ऐकतो कोण! मग बायकांनी त्या लांबलचक कापडाचा वेढा शिपायांभोवती घातला. एक वेढा, दोन वेढे, तीन वेढे. आणि लागल्या चोपायला! थप थप थप! कापड कशात भिजवलेलं, आठवतंय ना? शिपायांच्या टोप्या भिजल्या, मिशा भिजल्या. "आई गं!" म्हणत हवालदार जो सुटला, तो थेट नदीत. बाकीचे त्याच्यामागे.

राहिला एकटा आर्ची. बेहाग आजीने कापडाचं टोक त्याच्यापुढे धरलं. ठिबकत होतं ते.

"घ्या साहेब. तुमचंच आहे. हवं असेल तर हे गाणं आत्ता थांबवते."

आर्चीने कापडाकडे पाहिलं. उपटलेल्या खांबांकडे पाहिलं. गाणाऱ्या गर्दीकडे पाहिलं. कुणीही थांबायच्या बेतात नव्हतं. तो मागे मागे सरकला आणि किंचाळला, "नको! मला नको ते कापड! आज नको, कधीच नको!"

"ऐकलंत सगळ्यांनी?" गोर्मल म्हणाली. "कापड याच्या हाती पडायचं नाही. आणि ते पडेपर्यंत आपल्या चुलींत पाणी पडायचं नाही. शपथ याच्याच आजोबांची."

आर्ची गेला तो परत आला नाही. मग ते गाणं दरीदरीतून फिरलं. लोकांनी कुंपणं काढली, मोठ्या शहरात जाऊन न्याय मागितला, आपल्या भाषेत मागितला. लगेच नाही मिळाला. पुन्हा गेले, पुन्हा गेले. शेवटी कायदा झाला, की कष्टणाऱ्याला त्याच्या घरातून कुणी काढायचं नाही. आणि पुढे कितीतरी वर्षांनी त्या दरीची जमीन दरीतल्या लोकांच्याच हाती आली. तिथे आता सातू पिकतो, पोरं आपल्या बोलीत भांडतात, आणि सगळे सुखाने राहतात.

आणि बेहाग आजी? ती म्हणाली, "चला, आता ज्याने त्याने पुढचं गावं. मी दमले बाई." आपल्याच घरात, आपल्याच चुलीशेजारी आडवी झाली आणि गाढ झोपली.

तुम्हीही मिटा डोळे. घर आपलं आहे, आणि कुणी बादली घेऊन येत नाहीये. झोपा, बाळांनो.