मानाचा भोपळा

"कोण म्हणतं आम्ही बुडू?" बाजबळराव महाराज कडाडले. "आणि बुडायचंच असेल तर त्याची तालीम कशाला? आयत्या वेळी बुडू की!"

समोर राघो तांडेल हात जोडून उभा. राजाच्या सहलीचं गलबत तोच हाकायचा. थोरल्या महाराजांच्या वेळेपासूनचा रिवाज होता, की बंदर सुटलं रे सुटलं, की गलबतावरच्या प्रत्येकानं सुकवलेला पोकळ भोपळा तरंगायला म्हणून पाठीला बांधायचा आणि सुटकेच्या होड्यांपाशी आपापल्या जागी उभं राहायचं. म्हणजे खरंच पाणी शिरलं, तर कुणी कुणाच्या डोक्यावर पाय देऊन पळायला नको.

आज राघोनं घंटा बडवून बडवून हात दुखवून घेतले. वर आलं कोण? एक मांजर!

दिवाण त्र्यंबकपंत पडल्या पडल्या म्हणाले, "गेल्या साली बांधला होता की! भोपळा काय बदलला?"

लखमशेट सराफ म्हणाले, "नव्या अंगरख्यावर भोपळा? लोक काय म्हणतील!"

आत्यासाहेबांनी तर कानांवर हात ठेवले. "शुभ प्रवासाला निघताना बुडायच्या गोष्टी! अपशकुनी मेला!"

हसू नका. तुम्ही असता तर तुम्हीही कूस बदलून घोरला असता.

"महाराज," राघो म्हणाला, "पुढं खडकांचं पाणी आहे. माणसं तयार नसतील तर मी गलबत पुढं नेणार नाही."

झालं! राजाच्या मिशा ताठ झाल्या. "नेणार नाहीस? मग सुकाणू सोड! दिवाणजींचा मेहुणा चालवील गलबत!"

हा मेहुणा म्हणजे तळ्यातल्या नावेतही ओकारी काढणारा. राघोचं तोंड उतरलं. तेवढ्यात चुलीपाशी बांगडे तळणारी त्याची लेक धुरपी पदराला हात पुसत पुढे आली.

"महाराज, माणसं वर आणली तर बाचं सुकाणू राहील?"

राजाला पैजेची भारी हौस. तो गालातल्या गालात हसला. "राहील! पण घंटा वाजवायची नाही. हुकूम सोडायचा नाही. लालूच दाखवायची नाही. आणि 'बुडालो, बुडालो' असली थाप तर मुळीच नाही. एक जरी खोटा शब्द निघाला, तरी पैज गेली! सगळ्यांच्या पाठीला भोपळा दिसला पाहिजे. सगळे म्हणजे मीसुद्धा! आणि मी तर हलणारच नाही!"

राजा आत जाऊन सोंगट्या मांडून बसला.

"पोरी, काय करून बसलीस!" राघोनं कपाळावर हात मारला.

"बा, तुम्ही लग्नाच्या पंगती पाहिल्यात ना? मग गप बसा."

धुरपीनं भोपळ्यांना हळदकुंकू लावलं. सगळ्यात मोठ्या भोपळ्याला लाल गोंडा बांधला. तो काखेत मारून ती दिवाणांच्या दारात गेली.

"दिवाणजी, महाराज वर येत नाहीत म्हणतात. ते नसले की पहिल्या होडीतली पुढची जागा तुमची. तुम्हीही येत नाही. मग तिथं लखमशेटना बसवू का? मला बाईला मानपान कळत नाही, म्हणून विचारते."

दिवाण ताडकन उठले. "त्या सराफाला? माझ्या जागी? आण तो भोपळा!"

मग धुरपी लखमशेटांकडे. "शेटजी, दिवाणजी वर जाऊन बसलेसुद्धा. त्यांच्या शेजारची जागा तुमची होती. मोकळीच आहे, तर वैद्यबुवांना देऊ?"

"काढा देणाऱ्याला?" शेट अंगरख्याचे बंद लावतच धावले. जागा गेल्याचं ऐकून वैद्यबुवा धावले. धाकट्या राणीसाहेबांना आपल्याआधी कुंकवाचा भोपळा मिळेल म्हटल्यावर आत्यासाहेब अशा धावल्या, की शकुन-अपशकुन जिन्यातच राहिले!

बघता बघता वर ही गर्दी! "माझा भोपळा लहान का?" "सरका, ही आमची जागा!" व्याह्यांची पंगत परवडली!

धुरपी राजाच्या दारात आली. "महाराज, बाकीचे सगळे वर आहेत. मोजायला दिवाणजींना सांगू?"

"छट्! पैज माझी, मोजणी माझी!" राजा तरातरा वर आला. पाहतो तो जो तो भोपळा बांधून आपल्या जागी! क्षणभर त्याचे डोळे विस्फारले. मग तो टाळी वाजवून ओरडला, "सगळे आले, पण मी कुठे बांधलाय? हरलीस! तांडेला, सुकाणू सोड!"

धुरपीनं मान खाली घातली. "खरं आहे महाराज. फक्त एक विचारू? तुम्ही नाही म्हटल्यावर तो गोंड्याचा भोपळा दिवाणजींनी घेतला, आणि तुमची जागाही. असू दे ना तसंच?"

राजानं वळून पाहिलं. पहिल्या होडीच्या तोंडाशी, सगळ्यात मोठा भोपळा पाठीला लावून, त्र्यंबकपंत छाती काढून बसले होते. साक्षात छत्रपतीच!

"पंत! उतरा खाली!" राजा गरजला. "गादी माझी की तुमची? सोडा ती दोरी! बांधा इकडे! अजून घट्ट!"

गोंडा झुलवीत राजा ऐटीत जागेवर बसला. धुरपीनं लगेच दिवाणजींच्या पाठीला दुसरा भोपळा बांधला.

"आता कोण राहिलं, महाराज?" धुरपीनं विचारलं.

राजानं पाठीमागे हात नेऊन चाचपलं. भोपळा! त्याचे कान लाल झाले. "पण... पण मला कुणी बोलावलंच नव्हतं!"

"म्हणूनच आलात, महाराज! बोलावलं होतं, तेव्हा कुठं आला होता?"

राजा आधी फुगला, मग फुटला! इतका हसला, इतका हसला, की पाठीवरचा भोपळा ढोलासारखा होडीवर आपटायला लागला. त्यानं गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून धुरपीच्या गळ्यात घातला. "तांडेला, जन्मभर सुकाणू तुझंच! आणि पोरी, दर सफरीला हा भोपळा तू बांधायचास, मी कितीही ओरडलो तरी!"

पुढच्या सफरीला राघोनं घंटेला हात लावायच्या आधीच दिवाणजी होडीत रुमाल टाकून बसले होते.