करपलेल्या शेंगांचा वाटा

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता. वालाच्या शेंगा भरल्या की तो मुकुट काढून ठेवी आणि शेतात उकिडवा बसे. मडक्यात भांबुर्ड्याच्या रानझुडपाचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा. मग मडके उपडे घालून भोवती जाळ. हे त्याला त्याच्या बापाने शिकवले होते. कन्या हेमलेखा लहानपणी त्याच्या पाठीवर रेलून बसे आणि तो देईल त्या टपोऱ्या शेंगा खाई.

एका वर्षी धूम्रकेश नावाचा जादूगार पाहुणा आला. राजाने त्याच्यापुढे शेंग धरली. तोवर हेमलेखा मोठी झाली होती.

"आबा, पाहुण्यांसमोर तरी हात काळे करू नका," ती म्हणाली. "हे गुराख्यांचं खाणं."

राजाने शेंग खाली ठेवली. उपरण्याला हात पुसले. पुन्हा त्याने जाळ केला नाही, आणि पुढच्या शेंगा भरण्याआधीच तो वारला.

धूम्रकेश परत आला. "माझी शेंग राहिली आहे."

"मला करता येत नाही, महाराज," हेमलेखा म्हणाली.

"मग येईपर्यंत या राज्यात कोणाचं पोट भरणार नाही. पाला आण, मडकं आण, आणि तुझ्या बापाचा वाटा मला वाढ."

त्या दिवसापासून माणसे जेवत आणि उपाशीच उठत. तान्ही मुले दूध पिऊनही रडत.

हेमलेखा निघाली. पाला नागाच्या रानात होता. नागाने तिची सावली मागितली, तिने दिली. मडके तळ्याच्या तळाशी राहणाऱ्या कुंभाराकडे होते. त्याने केसांचा काळा रंग मागितला. तोही तिने दिला.

मग तिने शेतात जाळ केला. आबा करत तसे मडक्यावर पाणी शिंपडले. चर्र झाले, म्हणजे शेंगा शिजल्या. तिने टपोऱ्या शेंगा निवडून पानावर वाढल्या.

धूम्रकेशाने पान सरकवले. "हा तुझा वाटा. त्याचा कुठला?"

बांधावरची साळुंकी हसली. "काय गं, आठवेना? इतकी वर्षं जेवलीस शेजारी बसून!"

"साळुंकीबाई, तू पाहिलं आहेस. सांग, आबा काय खायचे?"

"तेव्हा विचारलं असतंस तर त्यांनीच सांगितलं असतं. त्यांचे हात कशाने काळे व्हायचे, तेवढं आठव."

हेमलेखाने मडक्यात हात घातला. कडेला करपून चिकटलेल्या शेंगा नखांनी खरवडून काढल्या. बोटे काळी झाली. तिने ती पुसली नाहीत. शेंगा पानावर वाढताना तिला समोरचे दिसेना.

धूम्रकेशाने एक शेंग खाल्ली आणि तो धूर होऊन विरला. राज्यातली मुले पोटभर दूध पिऊन झोपली. हेमलेखाची सावली पायाशी परत आली. केस मात्र पांढरेच राहिले.

पुढे ती राणी झाली. शेंगा भरल्या की मुलाला घेऊन शेतात जाऊ लागली. एकदा तिने त्याच्या हातावर टपोरी शेंग ठेवली, तर त्याने ती खाल्ली नाही.

"आई, तुला कुठली?" त्याने विचारले.

राणीने त्याचा हात धरून मडक्यात घातला.