दक्षिण दरवाज्याचे पारवे

वेळूगडचे सेनापती हैबतराव भर दरबारात तावातावाने म्हणाले, "महाराज, दक्षिणेच्या डोंगरी राज्याला आपण दरसाल वैद्य आणि बियाणं पाठवतो. ही खिरापत बंद करा, मला तोफा द्या. राज्य काय काढे पाजून राखायचं?"

परराज्यांचा कारभार पाहणारे विसाजीपंत म्हणाले, "बंद करू. पण आधी गडाचा दक्षिण दरवाजा लावून दाखवा."

हैबतराव हसले. सगळा दरबार दरवाज्यापाशी गेला. शिपायांनी भिंतीत सरकवून ठेवलेला अडसर बाहेर ओढला, तर त्याच्या खोबणीतून पारवे फडफडत बाहेर पडले. बिजागऱ्या पार गंजल्या होत्या. दहा जणांनी खांदा लावला, तरी दार तसूभरही हललं नाही.

"कधीपासून लावला नाही हा?" महाराजांनी विचारलं.

"वीस वर्षं झाली," हैबतराव पुटपुटले. "गरजच पडली नाही. बाकीचे तिन्ही रोज लावतो, शंभर-शंभर पहारेकरी ठेवून."

"आणि इथे पहाऱ्यावर कोण?" पंतांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"असं कसं? आमचा वैद्य आहे ना! फक्त तो शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून पहारा देतो."

महाराजांनी तिथेच हुकूम सोडला, की पारव्यांना कुणी हात लावायचा नाही.