सत्काराच्या शालींचा कोट

चिंध्यांचे कपडे शिवायचे म्हणून नवेकोरे तागे का फाडायचे? बहिणीच्या फॅशन डिझाइन विद्यालयात आलेल्या दिगूला हा प्रश्न पडला. ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धेसाठी पोरी सकाळपासून कोऱ्या कापडाच्या चिंध्या करत होत्या. प्राचार्यबाईंचं म्हणणं, खऱ्या चिंध्या पाहुण्यांसमोर बऱ्या दिसत नाहीत.

खऱ्या टाकाऊ कापडाचा एकच कोट होता, दिगूच्या ऊर्मिलाताईचा. ताई गेल्याच महिन्यात तापाने गेली, आणि बाईंनी तिचा कोट स्पर्धेतून काढून टाकला. दिगूने मागचापुढचा विचार न करता तो अंगात चढवला आणि थेट मंच गाठला. बाह्या कोपरापर्यंतच आल्या, बटणं तर लागेचनात.

दरवर्षीचे पाहुणे आणि परीक्षक भाऊसाहेब निंबोरे खांद्यावरची सत्काराची शाल सावरत हसले. “हे भिकार कापड कुठल्या उकिरड्यावर मिळालं रे?”

“तुमच्या खुर्चीवर, साहेब,” दिगू म्हणाला. “दरवर्षी सत्काराची शाल तुम्ही इथंच टाकून जाता. ताईनं सगळ्या जपून ठेवल्या आणि त्यांचाच हा कोट शिवला. कापड भिकार असेल, तर तुमचा सत्कारही भिकारच म्हणायचा. नसेल, तर ताईला पहिला नंबर द्या.”

भाऊसाहेबांनी घाईघाईने ऊर्मिलाचं नाव जाहीर केलं आणि ते तडक गाडीत जाऊन बसले. यंदाची शालही खुर्चीवरच राहिली.

दिगूने ती उचलली, नीट घडी घातली आणि ताईच्या मैत्रिणींच्या टेबलावर, त्यांनी अर्धवट फाडलेल्या ताग्याच्या वर ठेवून दिली.