नाडगौडांची बरणी

मिरजेच्या इरावतीबाई नाडगौडांच्या लोणच्याची एक रीत होती. बरणीला बुरशी आली, तर गिऱ्हाइकाने ती आणून द्यायची आणि नवी घेऊन जायची. ओला चमचा कुणी घातला, हे विचारायचं नाही.

एके दिवशी फेसबुकवर 'नाडगौडा लोणची' नावाचं पान उगवलं आणि त्यावरून भलतंच आंबूस लोणचं खपू लागलं. शिव्या मात्र बाईंना. शोध घेतला, तर पान निघालं व्यापारी मंडळाचे अध्यक्ष दाजीसाहेब मगदूम यांचं!

मंडळाच्या सभेत बाईंनी जाब विचारला. दाजीसाहेब मिशीला पीळ देत म्हणाले, "फेसबुकवर जो आधी बसला, त्याची जागा. तिथे नाडगौडा लोणची म्हणजे मीच!"

"मग नावाबरोबर रीतही तुमचीच ना?"

"अलबत! सगळं माझंच!"

बाई हसल्या आणि घरी गेल्या. संध्याकाळी त्यांच्या दुकानावर पाटी लागली : 'फेसबुकवरून घेतलेल्या बरण्या दाजीसाहेबांच्या बंगल्यावर बदलून मिळतील. त्यांनी भर सभेत शब्द दिला आहे.'

दिवस श्रावणाचे, हवा दमट. सकाळी बंगल्यापुढे बरण्या घेऊन ही झुंबड उडाली! दाजीसाहेबांनी आतून कडी घातली आणि मागच्या दाराने सटकून, घामाघूम होत बाईंचं दुकान गाठलं.

"बाई, ते पान मी पुसून टाकलं! पण ही माणसं आवरा!"

इरावतीबाई म्हणाल्या, "नाव काय, कुणीही लावतं, दाजीसाहेब. बुरशीची बरणी आली की जो दार उघडतो, तो मालक."